निवासी नौकेची पारख

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी म्हण मराठीत रूढ आहे. दोन्ही कार्यांत रक्कम मोठी गुंतते, माहिती अपुरी असते आणि उणीव ध्यानात येते ती बहुधा सारे उरकल्यानंतर. स्कूबा डायव्हिंगच्या सुटीसाठी नौका ठरविणे हे कार्य त्यांच्याइतके मोठे नाही; परंतु त्याची जात तीच आहे. ज्या नौकेवर सात दिवस राहावयाचे, जेवावयाचे, झोपावयाचे आणि जिच्या भरवशावर दिवसातून तीन वेळा समुद्राच्या पोटात उतरावयाचे, ती नौका पर्यटकाच्या प्रत्यक्ष दृष्टीस पडते ती प्रस्थानाच्या दिवशी. तोवर पैसे भरलेले असतात, विमानाची तिकिटे निघालेली असतात, रजाही मंजूर झालेली असते. म्हणजे नौकेची पारख करावयाची ती नौका न पाहताच. ही पारख कोणत्या कसोट्यांवर करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निवासी नौका म्हणजे काय?

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यामुळे स्कूबा डायव्हिंग हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. प्रशिक्षकाचा हात धरून घेतलेली पहिली डुबकी अनेकांच्या बाबतीत शेवटचीही ठरते. काहींना मात्र गोडी लागते. ते रीतसर प्रशिक्षण घेतात. गोव्याजवळील ग्रँड आयलंड, कर्नाटकातील नेत्राणी, अंदमानातील स्वराज द्वीप अशी त्यांची वाटचाल होते. या सर्व ठिकाणी पद्धत साधारण एकच असते. सकाळी किनाऱ्यावरून होडीने निघावयाचे, एक-दोन डुबक्या घ्यावयाच्या आणि परत हॉटेलवर यावयाचे.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. होडी सकाळी जाऊन दुपारी परत येऊ शकेल, तेवढाच समुद्र पाहावयास मिळतो. उत्तम प्रवाळभिंती आणि मोठ्या माशांचे मार्ग पुष्कळदा वस्तीपासून दूर असतात. तेथे पोहोचण्यासाठी निवास, भोजनगृह, हवा भरण्याचा कॉम्प्रेसर आणि मार्गदर्शक हे सर्व एकाच जहाजावर घेऊन फिरणे हा उपाय निघाला. अशा जहाजाला इंग्रजीत ‘लिव्हअबोर्ड’ म्हणतात. मालदीवमध्ये त्यालाच ‘सफारी बोट’ असे नाव आहे. इजिप्तचा तांबडा समुद्र, थायलंडची सिमिलन बेटे, इंडोनेशियातील कोमोडो व राजा अम्पत, प्रशांत महासागरातील पलाऊ व गालापागोस ही अशा नौकांची ख्यातनाम क्षेत्रे होत. मुंबईहून विमानाने सुमारे तीन तासांच्या अंतरावर असलेले मालदीव हे भारतीय पर्यटकाला त्यांपैकी सर्वांत जवळचे. म्हणून या लेखातील उदाहरणे प्रामुख्याने तेथील घेतली आहेत. कसोट्या मात्र सर्वत्र लागू पडणाऱ्या आहेत.

मालदीवमध्ये सुमारे १,१९० बेटे असून ती २६ नैसर्गिक प्रवाळवलयांत विखुरलेली आहेत. उत्तर-दक्षिण पसारा ८०० किलोमीटरांहून अधिक आहे. प्रवाळवलयासाठी जगभर वापरला जाणारा ‘अ‍ॅटॉल’ हा शब्दच मुळी तेथील दिवेही भाषेतून आला. १९७२ मध्ये तेथे पर्यटनव्यवसायाचा आरंभ झाला. मालदीवच्या सफारी बोटींचे एक वैशिष्ट्य असे की मुख्य नौकेबरोबर ‘दोणी’ नावाची दुसरी लहान नौका चालत असते. मराठीतील ‘डोणी’ची सहज आठवण करून देणाऱ्या या नौकेवर सिलिंडर, कॉम्प्रेसर व सर्व साधने ठेवलेली असतात आणि डुबकीसाठी डायव्हर तिच्यातूनच जातात. त्यामुळे निवासाच्या नौकेवर यंत्रांचा गोंगाट व ओल्या पोशाखांचा पसारा कमी राहतो. तांबड्या समुद्रात अशी स्वतंत्र नौका नसते. तेथे मुख्य नौकेवरून थेट उडी घ्यावयाची असते किंवा रबरी होडीने जावयाचे असते.

आधी स्वतःची पात्रता

नौकेची माहितीपत्रके चाळण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःची नोंदवही उघडावी. ‘लॉगबुक’ हे डायव्हरचे पासबुकच होय. किती डुबक्या झाल्या, कोणत्या खोलीवर, कशा प्रवाहात आणि शेवटची कधी, हे तेथे लिहिलेले असते. प्रमाणपत्राशिवाय घेतलेल्या हौशी डुबकीच्या आधारावर निवासी नौकेवर जाण्याचा विचार करू नये. ‘ओपन वॉटर’ या पहिल्या स्तराचे प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंतचे, तर त्यापुढील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हे ३० मीटरपर्यंतचे असते. मालदीवच्या नियमांनुसार हौशी डायव्हिंगची कमाल खोलीही ३० मीटरच आहे.

प्रमाणपत्र हा कागद झाला. अनुभव ही निराळी गोष्ट. मालदीवमध्ये ज्या जागांची वाहवा होते, त्यांपैकी अनेक जागा ‘कंडू’ म्हणजे प्रवाळवलयाच्या भिंतीतील खिंडी आहेत. भरती-ओहोटीबरोबर महासागराचे पाणी या खिंडींतून वेगाने आत-बाहेर करते आणि त्या प्रवाहासाठीच शार्क मासे तेथे जमतात. जो प्रवाह मासे आणतो, तोच नवख्या डायव्हरला दमवितो व दूर वाहून नेतो. म्हणून काही मार्गांसाठी नौकाचालक किमान ३० किंवा ५० डुबक्यांची अट घालतात. ही अट ऐकून पर्यटकाने नाराज होऊ नये. जो चालक अनुभवाची चौकशी न करता रक्कम स्वीकारतो, तो इतर प्रवाशांचीही चौकशी करीत नसणार. आणि पाण्याखाली आपला जोडीदार कोण असेल, हे त्यावरच अवलंबून असते.

प्रकृतीचा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवावा. डायव्हिंगपूर्वी भरून द्यावयाच्या आरोग्यपत्रकात दमा, हृदयविकार, कानाचे व सायनसचे विकार, मधुमेह यांविषयी प्रश्न असतात. वयाची ४५ वर्षे ओलांडलेल्यांना धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल इत्यादींविषयी अधिक माहिती द्यावी लागते. एखाद्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर डॉक्टरांचे लेखी अनुमतिपत्र घरूनच घेऊन जावे. ते नसल्यास नौकेवर पोहोचूनही पाण्यात उतरण्यास मनाई होऊ शकते. खोटे उत्तर लिहिणे तर जिवाशी खेळ ठरेल आणि विम्याचा दावाही त्यामुळे धोक्यात येईल.

ऋतू व मार्ग

नौका निवडण्याआधी मार्ग निवडावा आणि मार्ग निवडण्याआधी ऋतू. मालदीवमध्ये दोन मोसम आहेत. साधारणतः डिसेंबर ते एप्रिल हा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, कोरडा व शांत समुद्राचा काळ. तर मे ते नोव्हेंबर हा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा, पावसाचा काळ.

वाऱ्यांबरोबर प्रवाहाची दिशाही बदलते. ईशान्य मोसमात प्रवाह सामान्यतः पूर्वेकडून पश्चिमेकडे असतो. महासागराचे स्वच्छ पाणी पूर्वेकडील खिंडींतून आत येते, म्हणून तेथे दूरवरचे दिसते व शार्क पाहावयास मिळतात. वलयातून पलीकडे जाणारे प्लवकयुक्त पाणी पश्चिमेला साचते आणि त्यावर जगणारे मांटा नावाचे महाकाय पंखमासे तिकडे वळतात. नैर्ऋत्य मोसमात हे चित्र उलटे होते. बा प्रवाळवलयातील हनिफारू उपसागरात मांटांचे मोठे थवे जमतात ते याच पावसाळी काळात. युनेस्कोने २०११ मध्ये या प्रवाळवलयाला संरक्षित जैवावरणाचा दर्जा दिला. हनिफारूत स्कूबाला बंदी असून केवळ नळी व मुखवटा लावून पृष्ठभागावरून पोहण्याची मुभा आहे. तेथे सिलिंडर घेऊन उतरवू, असे एखाद्या जाहिरातीत म्हटले असेल, तर त्या जाहिरातीच्या इतर आश्वासनांचे मोल काय असावे, हे वेगळे सांगावयास नको.

पहिल्यांदाच निवासी नौकेवर जाणाऱ्याने उत्तर व दक्षिण माले, आरी आणि वावू या मध्यवर्ती प्रवाळवलयांचा मार्ग घ्यावा. दक्षिण आरीत देवमाशाएवढा दिसणारा परंतु निरुपद्रवी असा व्हेल शार्क वर्षभर आढळतो. तेथे अवघड जागांबरोबर सोप्या जागाही असतात आणि राजधानी माले फार दूर राहत नाही. हुवाधू, फुवाह्मुला, अड्डू हा दूरदक्षिणेचा मार्ग प्रबळ प्रवाहांचा असून अनुभवी डायव्हरसाठीच योग्य आहे. त्यासाठी देशांतर्गत विमानाचा खर्चही धरावा लागतो.

तीन दुर्घटना आणि त्यांचे धडे

माहितीपत्रकात पलंग, गच्चीवरील आरामखुर्च्या आणि सूर्यास्ताची छायाचित्रे असतात. जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, तिचे छायाचित्र सहसा नसते. ती कोणती, हे तीन घटनांवरून कळेल.

२ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ नांगरून ठेवलेल्या ‘कन्सेप्शन’ या नौकेला आग लागली. डेकखालच्या सामायिक शयनकक्षात झोपलेले सर्व ३४ जण, म्हणजे ३३ प्रवासी व एक कर्मचारी, मृत्युमुखी पडले. वरच्या भागात असलेले कप्तानासह पाच कर्मचारी वाचले. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०२० मध्ये चौकशी पूर्ण केली. नौकेवर रात्रीची गस्त नव्हती, हे त्या चौकशीत स्पष्ट झाले. शयनकक्षातून बाहेर पडण्याचे मार्ग दोन होते. पण जिना आणि आपत्कालीन झडप हे दोन्ही वरच्या एकाच दालनात उघडत होते आणि त्या दालनातच आग होती. आगीचे नेमके कारण निश्चित होऊ शकले नाही. मात्र त्याच दालनात कॅमेरे व दिव्यांच्या लिथियम बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या होत्या. कप्तानाला नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दोषी ठरविले व मे २०२४ मध्ये चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

जून २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात इजिप्तच्या मार्सा आलमजवळ ‘हरिकेन’ नावाच्या नौकेला आग लागून तीन ब्रिटिश पर्यटक मरण पावले. त्याच सागरात २५ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे ‘सी स्टोरी’ ही नौका लाटेच्या तडाख्यानंतर उलटली. अकरा जण मृत वा बेपत्ता झाले. केबिनमध्ये अडकलेल्या पाच जणांना उलटलेल्या नौकेच्या पोटातून दुसऱ्या दिवशी जिवंत बाहेर काढण्यात आले. ही नौका जुनाट वा गबाळी नव्हती. ती नवीच म्हणावी अशी होती. ‘दिसतं तसं नसतं’ ही उक्ती येथे शब्दशः खरी ठरली.

या तिन्ही घटनांत एक सूत्र समान आहे. मृत्यू डायव्हिंगमुळे झाले नाहीत. ते नौकेमुळे झाले. डायव्हर स्वतःचे रेग्युलेटर दहा वेळा तपासतो, सिलिंडरमधील हवेचा दाब पाहतो. परंतु ज्या केबिनमध्ये सात रात्री झोपावयाचे, तिचा दुसरा दरवाजा कोठे उघडतो, हे विचारीत नाही.

या दृष्टीने पुढील बाबी लेखी विचाराव्यात. प्रत्येक केबिनमधून बाहेर पडण्याचे दोन मार्ग आहेत काय आणि ते दोन निरनिराळ्या ठिकाणी निघतात काय? रात्रभर जागा राहून फेरी मारणारा पहारेकरी असतो काय? केबिन, स्वयंपाकघर व इंजिनकक्षात धूरसूचक यंत्रे आहेत काय? जीवरक्षक तराफे किती आणि त्यांची शेवटची तपासणी केव्हा झाली? लिथियम बॅटऱ्या कोठे व कोणत्या वेळी चार्ज करू दिल्या जातात? शेवटच्या प्रश्नाला ‘केबिनमध्ये, केव्हाही’ असे उत्तर आले, तर ते सौजन्य नसून निष्काळजीपणा आहे. चार्जिंगची जागा ठरलेली असावी, उघड्यावर असावी आणि कोणी जागे असतानाच ते व्हावे.

केबिनची निवड करतानाही हाच विचार उपयोगी पडतो. खालच्या डेकवरील मध्यभागाच्या केबिनला हेलकावे सर्वांत कमी बसतात आणि तिचे भाडेही कमी असते. म्हणून समुद्र लागणाऱ्यांना तीच सुचविली जाते. वरच्या डेकवरील केबिनला मोठी खिडकी व मोकळी हवा असते. पण नौका डोलते तेव्हा वरचा भाग अधिक झुलतो. खालची केबिन स्वीकारणे यात गैर काही नाही. मात्र तिची आपत्कालीन वाट चालकाने आराखड्यावर दाखविली पाहिजे. नौकेवर पाऊल ठेवल्यावर पहिल्याच तासात ती वाट एकदा दिवसा आणि एकदा दिवे मालवून चालून पाहावी. आपत्कालीन सराव व जीवरक्षक जाकिटांचे प्रात्यक्षिक प्रस्थानापूर्वी घेतले गेले नाही, तर पर्यटकाने त्याची मागणी करावी. त्यात संकोच कसला?

पाण्याखालची व्यवस्था

सर्वसाधारण दिनक्रम असा असतो : पहाटे चहा-बिस्किटांनंतर पहिली डुबकी, मग न्याहारी; दुपारच्या जेवणाआधी दुसरी, सायंकाळच्या आत तिसरी आणि आठवड्यातून एखाद्या रात्री चौथी. सात रात्रींच्या सफरीत साधारण पंधरा ते अठरा डुबक्या होतात. प्रत्येक डुबकीत शरीरात थोडा नायट्रोजन विरघळतो आणि तो पूर्ण निघून जाण्यापूर्वीच पुढची डुबकी येते. म्हणून येथे तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे मार्गदर्शकांची संख्या. एका मार्गदर्शकामागे सहा डायव्हर हे प्रमाण प्रवाही पाण्यात पुरेसे भारी आहे. चार असल्यास उत्तम. अनुभवानुसार गट पाडले जातात काय आणि पहिल्या दिवशी सोप्या जागी चाचणीची डुबकी घेतली जाते काय, हेही विचारावे.

दुसरी गोष्ट ‘नायट्रॉक्स’ची. साध्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. नायट्रॉक्समध्ये तो बहुधा ३२ टक्के ठेवलेला असतो. नायट्रोजन कमी असल्याने त्याच खोलीवर अधिक वेळ सुरक्षित राहता येते. पॅडी संस्थेच्या तक्त्यानुसार साध्या हवेवर पहिल्या डुबकीत १८ मीटरवर ५६ मिनिटे मिळतात, पण ३० मीटरवर केवळ २० मिनिटे. दिवसाला तीन डुबक्यांच्या दिनक्रमात नायट्रॉक्सचा लाभ ठळकपणे जाणवतो. त्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम लहान आहे. तो घरूनच पूर्ण करून जावा. हे मिश्रण फार खोलीवर मात्र घातक ठरते. ३२ टक्क्यांच्या मिश्रणाची मर्यादा साधारण ३३ मीटर असते. म्हणून आपल्या सिलिंडरमधील प्रमाण प्रत्येक वेळी स्वतः मोजून नोंदवहीत सही करण्याची पद्धत नौकेवर असली पाहिजे.

तिसरी गोष्ट प्रथमोपचाराची. दाब एकदम कमी झाल्याने होणाऱ्या विकारावर शंभर टक्के प्राणवायू हा पहिला उपचार आहे. नौका जेथे जाणार, तेथून उपचारकेंद्रातील दाबकक्षापर्यंत पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेपुरता प्राणवायू नौकेवर हवा, दोणीवरही त्याचा संच हवा आणि तो देण्याचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती हवी. प्रत्येक डायव्हरजवळ पाण्यावर उभारावयाचा रंगीत फुगा व शिट्टी असावी. प्रवाहाने दूर नेल्यावर दोणीतील माणसाला दिसतो तो हा फुगाच.

परतीचे विमानही याच हिशेबात धरावे लागते. डायव्हर्स अ‍ॅलर्ट नेटवर्क या संस्थेच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार अनेक दिवसांच्या डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. अनेक चालक २४ तासांचा आग्रह धरतात. शेवटच्या दिवशी सकाळी डुबकी आणि सायंकाळी मुंबईचे विमान, असे वेळापत्रक जो चालक आखून देईल, त्याच्या इतर वेळापत्रकांवरही विश्वास ठेवू नये. रजेच्या अर्जात हा एक दिवस आधीच मिळवून ठेवावा.

खर्चाचा खरा हिशेब

जाहिरातीतील भाडे हे कर्जाच्या जाहिरातीतील व्याजदरासारखे असते. त्याच्यासोबत येणारे आकार पाहिल्याशिवाय तुलना होत नाही. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. पहिल्या नौकेचे सात दिवसांचे भाडे १,४०० डॉलर, तर दुसरीचे १,७०० डॉलर आहे असे समजू. पहिल्या नौकेवर नायट्रॉक्सचे १०० डॉलर, साधनांच्या भाड्याचे २०० डॉलर आणि हरित कराचे ८४ डॉलर वेगळे द्यावयाचे आहेत. दुसरीच्या भाड्यात हे तिन्ही समाविष्ट आहेत. खलाशांची बक्षिसी दोन्हीकडे १२० डॉलर धरली, तर पहिलीचा खर्च १,९०४ डॉलर व दुसरीचा १,८२० डॉलर होतो. स्वस्त वाटणारी नौका ८४ डॉलरनी महाग ठरली.

यातील हरित कर काल्पनिक नाही. मालदीव सरकारने १ जानेवारी २०२५ पासून पर्यटक नौकांसाठी तो प्रतिव्यक्ती प्रतिदिन १२ डॉलर केला आहे. तेथील पर्यटन वस्तू व सेवा कर १ जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला. दिलेल्या दरात हे कर धरले आहेत किंवा कसे, हे लेखी विचारावे. शाकाहारी भोजनाची सोयही याच पत्रात नोंदवावी. भर समुद्रात वाणसामानाचे दुकान नसते.

विम्याबाबत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. परदेश प्रवासाच्या सामान्य विम्यात स्कूबा डायव्हिंग पुष्कळदा वगळलेले असते किंवा विशिष्ट खोलीपुरतेच मान्य असते. दाबकक्षातील उपचार व रुग्णाला हलविण्याचा खर्च स्पष्ट शब्दांत समाविष्ट असलेला डायव्हिंग विमा स्वतंत्रपणे घ्यावा आणि त्याचा तातडीचा दूरध्वनी क्रमांक घरच्यांजवळही ठेवावा.

रक्कम पाठविताना

परदेशी चालकाला थेट रक्कम पाठविताना ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली जाते. या योजनेची मर्यादा प्रतिव्यक्ती प्रतिवित्तीय वर्ष २,५०,००० डॉलर आहे. पॅन व ए-२ अर्ज आवश्यक असतो. भारतातील सहल कंपनीकडून परदेश सहलीचे पॅकेज घेतल्यास उगमस्थानी गोळा केला जाणारा कर, म्हणजेच टीसीएस, भरावा लागतो. त्याचे दर अर्थसंकल्पांत बदलत आले आहेत, म्हणून चालू दर शाखेत विचारून घ्यावा. हा कर बुडीत जात नाही. विवरणपत्रात त्याची वजावट अथवा परतावा मिळतो. त्यासाठी प्रमाणपत्र जपून ठेवावे.

खाते चालकाच्या व्यवसायाच्या नावे असावे, व्यक्तीच्या नावे नसावे. नोंदणी झाल्यावर ‘आमचे बँक खाते बदलले आहे, उर्वरित रक्कम नव्या खात्यात भरावी’ असा ई-मेल आला, तर त्यावर विसंबू नये. चालकाचा ई-मेल चोरून वाचणारे भामटे हीच युक्ती वापरतात. पूर्वीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री झाल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. परदेशात गेलेली रक्कम परत आणणे फार कठीण असते.

रद्द करण्याच्या अटीही दोन्ही बाजूंनी वाचाव्यात. प्रवाशाने सफर रद्द केल्यास किती टक्के कापले जातील, हे बहुतेक जण पाहतात. पुरेसे प्रवासी न मिळाल्याने किंवा इंजिन नादुरुस्त झाल्याने चालकानेच सफर रद्द केली तर रोख रक्कम परत मिळेल की केवळ पुढील तारीख, हे फार थोडे जण पाहतात.

नोंदणीपूर्वीचे दहा प्रश्न

१. नौकेचा परवाना व शेवटची तपासणी कोणत्या तारखेची आहे?
२. प्रत्येक केबिनच्या दोन वाटा कोठे निघतात?
३. रात्री पहारा कोण देतो?
४. बॅटऱ्या चार्ज करण्याचा नियम काय?
५. तराफे व जीवरक्षक जाकिटे एकूण माणसांना पुरतात काय?
६. या मार्गासाठी किमान अनुभव किती हवा?
७. एका मार्गदर्शकामागे डायव्हर किती?
८. प्राणवायूचा साठा किती तासांचा आणि जवळचा दाबकक्ष कोठे?
९. भाड्यात काय समाविष्ट नाही?
१०. चालकाने सफर रद्द केल्यास रोख परतावा मिळतो काय?

हे प्रश्न ई-मेलने पाठवावेत आणि उत्तरे छापून ठेवावीत. उत्तरांइतकीच ती देण्याची रीतही बोलकी असते. चांगला चालक अशा पत्राने वैतागत नाही. तो आराखडा जोडतो, तारखा देतो, एखाद्या उणिवेची कबुलीही देतो. ‘काळजी करू नका, आजवर काही झालेले नाही’ हे उत्तर मात्र उत्तर नव्हे. ‘कन्सेप्शन’ १९८१ मध्ये बांधलेली होती. २०१९ च्या त्या पहाटेपर्यंत तिच्याविषयीही हेच म्हणता आले असते.

कर्ज मंजूर करणारा अधिकारी अर्जदारावर अविश्वास म्हणून कागद मागत नाही. उभय पक्षांचे हित त्यात असते. नौकेच्या चालकाकडे कागद मागणारा पर्यटकही तेच करीत असतो. एकदा ही उत्तरे समाधानकारक मिळाली, की मग छायाचित्रे खुशाल पाहावीत, गच्चीवरील आरामखुर्ची कोणत्या बाजूस आहे हेही विचारावे आणि पावसाळ्यात मांटा की हिवाळ्यात शार्क, याचा निर्णय कुटुंबासमवेत निवांतपणे घ्यावा.